माध्यम-अभ्यासाच्या शिक्षकाची घडण : इंग्लंडमधील अभ्यासक्रम-सुधारणांच्या संदर्भात

१

शालेय अभ्यासक्रमात एखादा नवा विषय दाखल होतो तेव्हा त्याचा इतिहास बहुधा दोन प्रकारच्या साधनांवरून लिहिला जातो. समित्यांचे अहवाल व शासकीय आदेश हे एक साधन, आणि त्या विषयावरील मान्य ग्रंथ हे दुसरे. तो विषय प्रत्यक्ष शिकविणारा शिक्षक कोठून आला, त्याने स्वतः तो विषय केव्हा व कोणापाशी शिकून घेतला, हा प्रश्न अशा इतिहासात सहसा उपस्थित होत नाही. गणित, इतिहास किंवा भाषा यांच्या बाबतीत तो फारसा अडतही नाही. कारण विद्यापीठात त्या विषयाची पदवी घ्यावी, मग अध्यापनाचे शिक्षण घ्यावे आणि शाळेत यावे, असा क्रम तेथे रूढ झालेला आहे. माध्यम-अभ्यासाच्या बाबतीत इंग्लंडमध्ये हा क्रम उलटा होता. चित्रपट व वृत्तपत्रे यांचे अध्यापन शाळांतून सुरू झाले. विद्यापीठांत या विषयाची अध्यापकपदे पुढे काही दशकांनी निर्माण झाली. त्यामुळे शिक्षकाची घडण हा या विषयाच्या इतिहासाचा परिशिष्टात घालण्याजोगा भाग नसून त्याचा मध्यवर्ती भाग होय. इ. स. १९३३ पासून अलीकडच्या सुधारणांपर्यंत या घडणीचे स्वरूप कसे पालटत गेले, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

आरंभी एका संज्ञेचा उलगडा करणे आवश्यक आहे. मराठीत शिक्षणाच्या चर्चेत 'माध्यम' हा शब्द दीर्घकाळ 'ज्या भाषेतून शिकवावयाचे ती भाषा' या अर्थाने वापरला गेला; वृत्तपत्रे, चित्रपट, नभोवाणी, दूरचित्रवाणी यांचा समावेशक निर्देश करण्यासाठी तो नंतर रुळला. या दोन अर्थांत जे अंतर आहे तेच अंतर माध्यमाद्वारे शिकविणे आणि माध्यमाविषयी शिकविणे या दोन व्यवहारांत आहे. भूगोलाच्या तासाला नदीवरील बोधपट दाखविणारा शिक्षक दृक्‌श्राव्य साधनाचा उपयोग करीत असतो. तोच बोधपट कोणी, कोणासाठी व कोणत्या हेतूने काढला, त्यात काय दाखविले व काय वगळले, असे विचारणारा शिक्षक माध्यम-अभ्यास शिकवीत असतो. पहिल्या व्यवहाराचे प्रशिक्षण म्हणजे दुसऱ्याचे प्रशिक्षण नव्हे. हा भेद साधा आहे. तथापि प्रशिक्षणाच्या योजना आखताना तो वारंवार विसरला गेलेला दिसतो.

२

इ. स. १९३३ मध्ये केंब्रिजचे समीक्षक एफ. आर. लीव्हिस आणि त्यांचे सहकारी, शाळाशिक्षक डेनिस टॉम्पसन यांनी 'कल्चर अँड एन्व्हायरन्मेंट' हे पुस्तक प्रसिद्ध केले. जाहिराती, लोकप्रिय वृत्तपत्रे व बाजारू कादंबऱ्या यांच्या भाषेची वर्गात चिकित्सा कशी करावी, याचे स्वाध्याय त्यात होते. लेखकांची दृष्टी संरक्षक होती. यंत्रयुगातील बहुजनसंस्कृती ही अभिरुचीला घातक आहे आणि विद्यार्थ्याला तिच्यापासून सावध करणे हे शिक्षकाचे कर्तव्य आहे, असे ते मानीत. या भूमिकेवर पुढे पुष्कळ टीका झाली. परंतु शिक्षकाच्या घडणीच्या दृष्टीने तिचा एक परिणाम विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. जाहिरातीची चिकित्सा ही कवितेच्या सूक्ष्म वाचनाचीच एक शाखा ठरल्यामुळे ती करण्यास इंग्रजी साहित्याचा संस्कारित शिक्षक आपोआपच पात्र ठरला. त्याने नव्याने काही शिकण्याची गरज उरली नाही. वृत्तपत्राची मालकी, छपाईचे व वितरणाचे अर्थकारण, वाचकवर्गाची रचना या गोष्टी त्याच्या अभ्यासाच्या कक्षेत येण्याचे कारणच नव्हते.

त्याच वर्षी ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूट ही संस्था स्थापन झाली. चित्रपटाविषयी आस्था असणाऱ्या शिक्षकांनी इ. स. १९५० मध्ये आपली स्वतंत्र संघटना उभारली. तिचे आरंभीचे नाव 'सोसायटी ऑफ फिल्म टीचर्स' असे होते. १९५९ मध्ये दूरचित्रवाणीचाही समावेश करून ते 'सोसायटी फॉर एज्युकेशन इन फिल्म अँड टेलिव्हिजन' असे करण्यात आले. शाळेतील तासांत आपण काय केले, विद्यार्थ्यांनी कोणती उत्तरे दिली, चित्रपटातील कोणता तुकडा चर्चेला उपयुक्त ठरला, हे शिक्षक परस्परांना नियतकालिकांतून कळवीत. १९५७ मध्ये इन्स्टिट्यूटच्या शिक्षणकार्याची सूत्रे हाती घेतलेले पॅडी व्हॅनेल हे स्वतः शिक्षक होते. व्याख्याने, उन्हाळी वर्ग, लंडन विद्यापीठाच्या बहिःशाल विभागाच्या सहकार्याने चालणारे अभ्यासवर्ग आणि वर्गात दाखविण्यासाठी निवडलेले चित्रपटांचे उतारे, या साधनांनी त्या काळातील शिक्षक तयार झाला. त्याच्यापाशी या विषयाचे पदवीपत्र नव्हते. मात्र विषयाच्या घडणीत आपला वाटा आहे, ही जाणीव त्याच्यापाशी होती.

ऑक्टोबर १९६० मध्ये राष्ट्रीय शिक्षकसंघाने लोकप्रिय संस्कृती व वैयक्तिक जबाबदारी या विषयावर लंडन येथे परिषद भरविली. तिच्या चर्चेशी निगडित असा 'द पॉप्युलर आर्ट्‌स' हा स्टुअर्ट हॉल व व्हॅनेल यांचा ग्रंथ १९६४ मध्ये प्रसिद्ध झाला. उच्च कला चांगली व लोकप्रिय कला वाईट, ही विभागणी नाकारून लोकप्रिय कलेच्या अंतर्गतच चांगल्यावाइटाचा विवेक करावा, असे त्यात प्रतिपादन होते. हॉल हे दक्षिण लंडनमधील एका माध्यमिक शाळेत बदली शिक्षक म्हणून काम करीत असत आणि नंतर चेल्सी येथील महाविद्यालयात त्यांनी चित्रपट व माध्यमे यांचे अध्यापन केले, ही गोष्ट येथे ध्यानात ठेवावयास हवी. या विषयातील आद्य सिद्धान्तांपैकी काही तरी वर्गात बसलेल्या, शिक्षकाचे बोलणे मुकाट्याने न स्वीकारणाऱ्या मुलांच्या सान्निध्यात आकारास आले आहेत.

३

सामान्य बुद्धिमत्तेच्या मानल्या गेलेल्या मुलांच्या शिक्षणाविषयीचा न्यूसम समितीचा अहवाल १९६३ मध्ये प्रसिद्ध झाला. चित्रपट व दूरचित्रवाणी यांचा अभ्यास केवळ साधन म्हणून नव्हे, तर स्वतंत्र महत्त्वाचा विषय म्हणून शाळांत व्हावा, असा अभिप्राय त्यात आढळतो. १९६५ पासून सोळाव्या वर्षी द्यावयाच्या नव्या माध्यमिक प्रमाणपत्र परीक्षेला आरंभ झाला. या परीक्षेचा तिसरा प्रकार विशेष होता. त्यात शाळेतील शिक्षकांनी स्वतः पाठ्यक्रम रचावा, स्वतःच परीक्षण करावे आणि बाहेरच्या नियामकांनी त्याची पडताळणी करावी, अशी व्यवस्था होती. १९७२ मध्ये शाळा सोडण्याची किमान वयोमर्यादा सोळा करण्यात आली आणि एरवी पंधराव्या वर्षी कामाला लागणारी मुले आणखी एक वर्ष वर्गात राहू लागली. त्यांना काय शिकवावे, या प्रश्नाचे एक उत्तर म्हणून चित्रपट व दूरचित्रवाणी यांचे पाठ्यक्रम अनेक ठिकाणी सुरू झाले.

परीक्षेच्या या तिसऱ्या प्रकाराचे महत्त्व शिक्षक-प्रशिक्षणाच्या इतिहासात पुरेसे ओळखले गेलेले नाही. पाठ्यक्रम रचणाऱ्याला विषयाची व्याप्ती ठरवावी लागते. प्रश्न काढणाऱ्याला विषयातील ज्ञान म्हणजे काय, हे ठरवावे लागते. गुण देणाऱ्याला एका उत्तरापेक्षा दुसरे उत्तर सरस का, हे नियामकासमोर शब्दांत मांडावे लागते. प्रशिक्षणाचे नाव नसलेले हे प्रशिक्षणच होते. त्याच्या मर्यादाही स्पष्ट होत्या. ते उत्साही शिक्षकांपुरते राहिले. ते शाळाशाळांनुसार असमान होते. आणि असा शिक्षक शाळा सोडून गेला की बहुधा पाठ्यक्रमही त्याच्याबरोबर जाई. शिवाय ही परीक्षा शैक्षणिक दृष्ट्या मागे पडलेल्यांची, अशी तिची ख्याती असल्यामुळे हा विषय हलका असल्याचा समज याच काळात दृढ झाला.

याच सुमारास विषयाची सैद्धान्तिक भाषा झपाट्याने बदलली. संघटनेचे 'स्क्रीन' हे नियतकालिक १९६९ मध्ये सुरू झाले आणि १९७१ नंतर त्यातून सोस्यूरचा चिन्हविचार, रोलाँ बार्थ, क्रिस्त्याँ मेट्‌झ व पुढे लाकाँचे मनोविश्लेषण यांची चर्चा होऊ लागली. चित्रपटाला 'भाषा' म्हणावे काय, असल्यास तिची एकके कोणती, हा प्रश्न भाषाशास्त्राच्या अभ्यासकालाही आव्हान देणारा आहे, आणि त्या चर्चेने विषयाला खोली आणली यात शंका नाही. परंतु शिक्षकांच्या संघटनेचे मुखपत्र हळूहळू शिक्षकांनाच दुर्बोध होऊ लागले. १९७१ मध्ये इन्स्टिट्यूटच्या नियामकांनी शिक्षणविभागाचे कार्य मर्यादित करण्याचे ठरविल्यावर व्हॅनेल व त्यांच्या काही सहकाऱ्यांनी राजीनामे दिले होते. १९७६ मध्ये 'स्क्रीन'च्या संपादकमंडळातील एडवर्ड बस्कोम, क्रिस्टीन ग्लेडहिल, अ‍ॅलन लव्हल व ख्रिस्टोफर विल्यम्स या चौघांनी मंडळ सोडले. नियतकालिकाची दुर्बोधता, मनोविश्लेषणाविषयीचे त्याचे धोरण आणि शिक्षणाच्या प्रश्नांकडे होणारे दुर्लक्ष, या त्यांच्या तक्रारी होत्या. सिद्धान्त व वर्ग यांना सांधणारा दुवा दोन्ही टोकांना सैल होत गेला, असे या दोन घटनांवरून दिसते.

हा दुवा पुन्हा घट्ट करण्याचे कार्य ज्यांनी केले त्यांत लेन मास्टरमन यांचा उल्लेख प्रथम करावा लागतो. 'टीचिंग अबाउट टेलिव्हिजन' (१९८०) व 'टीचिंग द मीडिया' (१९८५) या ग्रंथांत त्यांनी अभिरुचीचा प्रश्न बाजूस सारून प्रतिरूपणाचा प्रश्न पुढे आणला. दूरचित्रवाणी वास्तव दाखवीत नसून वास्तवाची रचना करते. ती रचना कोण, कशी व कोणाच्या हिताने करतो, हे विद्यार्थ्यांनी व शिक्षकाने मिळून शोधावे, अशी त्यांची भूमिका होती. कालच्या बातमीपत्राविषयी विद्यार्थ्याइतकीच माहिती शिक्षकापाशी असते, किंबहुना कधीकधी कमीच असते. म्हणून या विषयातील शिक्षकाचे सामर्थ्य माहितीच्या साठ्यात नसून प्रश्न विचारण्याच्या पद्धतीत असते.

४

इ. स. १९८८ च्या शिक्षण-सुधारणा कायद्याने इंग्लंड व वेल्समध्ये प्रथमच राष्ट्रीय अभ्यासक्रम अस्तित्वात आला. त्यात माध्यम-अभ्यासाला स्वतंत्र स्थान नव्हते. इंग्रजी या विषयासाठी नेमलेल्या कॉक्स समितीच्या १९८९ च्या अहवालात मात्र माध्यम-शिक्षण व माहिती-तंत्रज्ञान यांवर एक संपूर्ण प्रकरण होते. या निर्णयाचे फलित दुहेरी झाले. एकीकडे माध्यम-शिक्षणाचा काही अंश सर्व विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचण्याची सोय झाली. दुसरीकडे इंग्रजीचा प्रत्येक शिक्षक, त्याची इच्छा व तयारी असो वा नसो, माध्यमांचा शिक्षक ठरला. १९३३ मध्ये जे गृहीत धरले गेले होते तेच आता अभ्यासक्रमाच्या आधाराने पुन्हा गृहीत धरले गेले.

ही उणीव भरून काढण्याचे प्रामाणिक प्रयत्न झाले नाहीत असे नव्हे. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने १९८९ मध्ये प्राथमिक शाळांसाठी व १९९१ मध्ये माध्यमिक शाळांसाठी अभ्यासक्रमविषयक निवेदने प्रसिद्ध केली. त्यांपैकी पहिल्याचे संपादन कॅरी बाझलगेट यांनी केले. कर्तृत्व, वर्ग, तंत्र, भाषा, ग्राहकवर्ग व प्रतिरूपण अशा सहा अंगांनी त्यात विषयाची मांडणी होती आणि प्रत्येक अंग प्रश्नाच्या रूपाने दिलेले होते : कोण, कोणाशी व कशासाठी संवाद साधतो, ही कोणत्या प्रकारची संहिता आहे, ती कशी निर्माण झाली, तिचा अर्थ आपणास कसा कळतो, ती कोणापर्यंत पोहोचते व ते तिचा काय अर्थ लावतात, आणि ती आपला विषय कशा रीतीने मांडते. १९९२ मध्ये इन्स्टिट्यूट व मुक्त विद्यापीठ यांनी मिळून शिक्षकांसाठी दूरशिक्षणाचे पाठ्यसाहित्यही तयार केले. सांकेतिक परिभाषा पाठ नसलेल्या शिक्षकालाही दुसऱ्या दिवशी वर्गात जाऊन वरील सहा प्रश्न विचारता येत, हे या मांडणीचे वैशिष्ट्य होय.

परंतु आधार देणाऱ्या संस्था याच काळात ढासळत होत्या. शिक्षकांच्या जुन्या संघटनेचे कार्य १९८९ मध्ये संपुष्टात आले. लंडनमधील शाळांचा कारभार पाहणारे शिक्षण-प्राधिकरण १९९० मध्ये बरखास्त करण्यात आले. त्या प्राधिकरणाच्या छत्राखाली चालणारे इंग्रजी-अध्यापनाचे केंद्र 'इंग्लिश अँड मीडिया सेंटर' या नावाने स्वतंत्रपणे टिकून राहिले, हा अपवाद होता.

या काळातील आणखी एक प्रकरण माध्यम-अभ्यासाच्या सीमेवरचे असले तरी येथे टाळता येत नाही. भाषेविषयीचे ज्ञान शिक्षकांना द्यावे, या किंग्मन समितीच्या १९८८ च्या शिफारशीनुसार १९८९ ते १९९२ या काळात सुमारे २ कोटी १० लाख पौंड खर्चाची एक प्रशिक्षण-योजना राबविण्यात आली. तिचे नेतृत्व भाषाशास्त्रज्ञ रॉनल्ड कार्टर यांच्याकडे होते. भाषा ही सामाजिक व्यवहारातून समजावून घ्यावी, या हॅलिडेच्या विचाराशी जवळीक असलेल्या दृष्टीने प्रशिक्षणाचे साहित्य तयार झाले. शासनातील काहींना व्याकरणाच्या नियमांचे पाठांतर अपेक्षित होते. १९९१ मध्ये शासनाने हे साहित्य प्रकाशित करण्यास नकार दिला आणि अन्य प्रकाशकांनाही त्याची मुभा दिली नाही. प्रशिक्षणवर्गांतून ते वापरले गेले व त्याच्या प्रती शिक्षकांत हस्ते परहस्ते फिरत राहिल्या. खर्च झाला, शिक्षकांनी कामही केले. पण शिक्षकाने नेमके काय जाणावे याविषयीच एकमत नसल्यामुळे योजनेचे फळ अधिकृत रूपात कोणाच्या हाती पडले नाही. प्रशिक्षणाचा प्रश्न केवळ पैशाचा किंवा वेळेचा नसतो. ज्ञानाची व्याख्या करण्याचा अधिकार कोणाचा, हाही त्यात गुंतलेला असतो. हे या प्रकरणाइतके स्पष्टपणे क्वचितच दिसते.

५

एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात तीन बदल जवळजवळ एकाच वेळी झाले. २०१० च्या श्वेतपत्रिकेपासून शिक्षक-प्रशिक्षणाचा भर विद्यापीठांकडून शाळांकडे वळविण्यात आला. २०१३ मध्ये प्रसिद्ध होऊन २०१४ पासून अमलात आलेल्या राष्ट्रीय अभ्यासक्रमातून इंग्रजीच्या अंतर्गत असलेला माध्यमविषयक भाग जवळजवळ नाहीसा झाला. आणि सोळाव्या व अठराव्या वर्षी द्यावयाच्या माध्यम-अभ्यासाच्या स्वतंत्र परीक्षांची पुनर्रचना हाती घेण्यात आली. सुधारित आशय फेब्रुवारी २०१६ मध्ये जाहीर झाला, सप्टेंबर २०१७ पासून अध्यापन सुरू झाले आणि २०१९ मध्ये पहिल्या परीक्षा झाल्या. अंतिम गुणांपैकी ७० टक्के लेखी परीक्षेला व ३० टक्के प्रत्यक्ष निर्मितीला देण्यात आले. अभ्यासावयाच्या माध्यमकृतींची यादी परीक्षा-मंडळांनी ठरवून दिली.

अठराव्या वर्षीच्या परीक्षेसाठी माध्यमभाषा, प्रतिरूपण, उद्योग व ग्राहकवर्ग या चार अंगांखाली १९ सिद्धान्त विचारवंतांच्या नावांसह नेमण्यात आले. बार्थचे चिन्हशास्त्र, तोदोरोव्हचा कथनविचार, लेव्ही-स्ट्रॉसचा संरचनावाद, ज्युडिथ बटलर यांचा लिंगभाव-विचार, पॉल गिल्रॉय यांचा वसाहतोत्तर विचार, गर्बनरचा संवर्धन-सिद्धान्त इत्यादींचा त्यांत समावेश आहे. विषय हलका आहे, या जुन्या आक्षेपाला हे एक प्रकारे उत्तर होते, आणि त्याचे मोल नाकारता येणार नाही. मालकी व नियमन यांसारखे, साहित्याच्या पदवीधराला अपरिचित असलेले विषय आता अनिवार्य झाले, हाही लाभच होय.

तथापि १९८९ ची सहा अंगे आणि २०१६ ची चार अंगे शेजारी ठेवून पाहिली असता एक बदल लक्षात येतो. संकल्पनांचे नाते उघड आहे. भाषा, प्रतिरूपण व ग्राहकवर्ग ही तीन अंगे तर नावानिशी कायम आहेत. बदलले आहे ते त्यांचे व्याकरणिक रूप, असे म्हणता येईल. पूर्वी जी प्रश्नार्थक वाक्ये होती ती आता नामे झाली, आणि त्या नामांना व्यक्तींची नावे जोडली गेली. प्रश्नाचे उत्तर शोधावे लागते. सिद्धान्ताचे नाव लक्षात ठेवले तरी चालते. साहित्याची पदवी घेऊन आलेल्या आणि प्रशिक्षणाच्या अवघ्या एका वर्षाचा बहुतेक काळ शाळेत घालविणाऱ्या नव्या शिक्षकाला या १९ सिद्धान्तांचे मूळ ग्रंथ वाचण्यास अवसर मिळणे कठीणच असते. तो स्वाभाविकपणे पाठ्यपुस्तकातील सारांशाकडे व परीक्षा-मंडळाच्या मार्गदर्शिकेकडे वळतो. जी संस्था परीक्षा घेते तिच्याच साहित्यातून शिक्षकाने विषय शिकावा, अशी स्थिती निर्माण होते. आणि तेथे विषयाची सीमा प्रश्नपत्रिकेच्या सीमेशी एकरूप होण्याचा धोका असतो. नेमलेल्या नावांत स्टुअर्ट हॉल यांचेही नाव आहे. ज्यांचा विचार वर्गातील वादातून आकारास आला त्यांचे प्रतिपादन वर्गात वादाविना पाठ केले जाण्याचा संभव उत्पन्न व्हावा, यात या विषयाच्या इतिहासाची एक विसंगती सामावलेली आहे.

६

या सुमारे नव्वद वर्षांच्या इतिहासात प्रत्येक सुधारणेने विषयाचा आशय प्रथम ठरविला आणि शिक्षकाचा विचार मागाहून केला. १९३३ मध्ये साहित्याची अभिरुची पुरेशी मानली गेली. १९८९ मध्ये इंग्रजीच्या शिक्षकाची तयारी गृहीत धरली गेली. २०१७ मध्ये आशयाची निश्चिती हीच शिक्षकाच्या तयारीची जागा घेऊ लागली. याउलट शिक्षक ज्या व्यवस्थांत खऱ्या अर्थाने घडला त्या व्यवस्था, म्हणजे १९५० ची संघटना, तिसऱ्या प्रकारची परीक्षा, उन्हाळी वर्ग, प्रश्नरूप निवेदने, यांच्यांत एक समान सूत्र आढळते. त्यांत शिक्षकाकडे विषयाच्या घडणीतील काही अधिकार होता. त्या व्यवस्था विस्कळीत होत्या, असमान होत्या आणि अल्पायुषीही ठरल्या, हे मान्य करूनही हे सूत्र डोळ्याआड करता येत नाही. निश्चित आशय व शिक्षकाचा अधिकार यांत मूलतः विरोध आहे, असा याचा अर्थ नव्हे. सिद्धान्तांची यादी असावी. पण ती शिक्षकाने स्वतः वाचून, वर्गात तपासून व प्रसंगी नाकारून पाहिलेली असावी, आणि यासाठी लागणारा वेळ हा प्रशिक्षणाचा भाग मानला जावा, एवढेच या इतिहासावरून सुचते.

हा प्रश्न आता केवळ एका ऐच्छिक विषयापुरता उरलेला नाही. बेकी फ्रॅन्सिस यांच्या अध्यक्षतेखाली २०२४ मध्ये सुरू झालेल्या अभ्यासक्रम-आढाव्याचा अंतिम अहवाल नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला आणि सर्व विद्यार्थ्यांच्या माध्यम-साक्षरतेवर त्यात पुन्हा भर देण्यात आला. खोट्या माहितीची पारख मुलांना यावी, ही अपेक्षा रास्त आहे. परंतु ती पारख शिकविणारा शिक्षक नागरिकशास्त्राचा असो की इंग्रजीचा, त्याला ती कोण व किती काळ शिकविणार, याचे उत्तर अभ्यासक्रमाच्या मसुद्यातून मिळत नाही. ते प्रशिक्षणाच्या वेळापत्रकातून व त्यासाठी केलेल्या तरतुदीतूनच मिळेल. माध्यमांचे शिक्षण शाळांत आणू पाहणाऱ्या कोणत्याही देशाने, भारतानेही, इंग्लंडचा हा इतिहास पाहताना अहवालांच्या तारखांपेक्षा शिक्षकाला मिळालेल्या या वेळाचा हिशेब आधी मांडावा, हे अधिक उपयुक्त ठरेल.